तिसऱ्या बाणाखाली दडलेले प्रश्न

विषाणूंवरचा धडा कोणत्याही मंडळाचा असो, त्यात एक आकृती हमखास असते. विषाणू पेशीला चिकटतो, त्याचे जनुकद्रव्य आत शिरते, तो पेशीचा ताबा घेऊन आपल्या प्रती काढतो, सुटे भाग एकमेकांना जुळतात आणि शेवटी नवे विषाणू बाहेर पडतात. पाच बाण आणि पाच वाक्ये. मुलांना ती पाठ होतात, परीक्षेत गुणही मिळतात. वर्तमानपत्रांतले लेख, प्रश्नसंच, शैक्षणिक चित्रफिती या साऱ्यांत थोड्याफार फरकाने हीच आकृती आणि हीच भाषा आढळते.

या आकृतीची थोडी झाडाझडती घ्यावी, असा या लेखाचा हेतू आहे. ती चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन बाणांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिसऱ्या बाणाबद्दल, म्हणजे 'ताबा घेतो' या शब्दांबद्दल. हे शब्द उत्तरासारखे दिसतात, पण प्रत्यक्षात प्रश्न मिटवून टाकतात. पेशीत हजारो जनुकांचे काम एकाच वेळी चालू असते. बाहेरून आलेला, मोजक्या जनुकांचा पाहुणा हे काम थांबवतो कसा? आणि सर्वांचे काम थांबले, तर त्याचे स्वतःचे काम कसे चालते? विषाणुशास्त्रातील निम्मे कुतूहल या दोन प्रश्नांत आहे, आणि नेमके तेच त्या बाणाखाली झाकले जाते.

आकृतीचे कुळ

ही आकृती माणसाच्या विषाणूंवरून तयार झालेली नाही. तिचे कुळ जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंकडे, म्हणजे 'फेज'कडे जाते. १९३९ मध्ये एमरी एलिस आणि माक्स डेलब्र्युक यांनी अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दाखवले, की फेज जीवाणूत शिरल्यावर काही काळ नवे विषाणू मुळीच दिसत नाहीत आणि मग ते एकदम मोठ्या संख्येने बाहेर पडतात. १९५२ मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी किरणोत्सारी फॉस्फरस आणि गंधक वापरून दाखवले, की जीवाणूच्या आत जातो तो मुख्यतः डीएनए; प्रथिनाचे कवच बहुतांशी बाहेरच राहते. चिकटणे, आत सोडणे, वाढणे, फुटणे हे टप्पे अशा प्रयोगांतून आले.

टी-४ नावाच्या फेजला 'ताबा घेतो' हे शब्द शोभतातही. तो जीवाणूच्या डीएनएचे तुकडे करतो आणि त्यांतून मिळालेला कच्चा माल स्वतःचा डीएनए बांधण्यासाठी वापरतो. मग त्याचा स्वतःचा डीएनए कसा वाचतो? टी-४च्या डीएनएत सायटोसिन या घटकाच्या जागी त्याचे थोडे बदललेले रूप असते. तुकडे करणारी विकरे साध्या सायटोसिनचा डीएनए तोडतात, बदललेला सोडून देतात. म्हणजे इथेही ताबा घेण्याच्या मागे एक साधी रासायनिक खूण आहे. आकृतीत मात्र ही खूण कुठेच दिसत नाही.

पुढे हीच आकृती पोलिओ, फ्लू, कोरोना या सर्वांना सरसकट लावली गेली. अडचण अशी, की जीवाणूच्या पेशीला केंद्रक नसते, माणसाच्या पेशीला असते. जनुकापासून प्रथिनापर्यंतचा रस्ता आपल्या पेशीत लांब आहे आणि त्यावर थांबे बरेच आहेत. प्रत्येक विषाणू हा रस्ता वेगळ्या थांब्यावर अडवतो. म्हणून सर्वांसाठी एकच बाण पुरत नाही.

मूळ दप्तर, नक्कल आणि शिक्का

हा रस्ता थोडक्यात आठवू. तहसील कचेरीतले मूळ दप्तर कोणालाही घरी नेऊ देत नाहीत. हवी असेल तर त्याची नक्कल मिळते. नकलेवर शिक्का लागतो, ती दाराबाहेर येते आणि मग तिच्या आधारे पुढचे काम होते. शिक्का नसलेल्या नकलेला कोणी विचारत नाही.

पेशीत डीएनए हे मूळ दप्तर. ते केंद्रकात राहते. जनुकाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, अर्थात एम-आरएनए. नक्कल काढण्याच्या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. नक्कल तयार होत असतानाच तिच्या सुरुवातीच्या टोकावर एक रासायनिक 'टोपी' बसते. हा आपला शिक्का. नकलेतले अनावश्यक भाग कापून उरलेले जोडले जातात, मागच्या टोकाला अॅडेनिनची लांब शेपटी लागते. मग ती केंद्रकाच्या आवरणातील छिद्रांतून पेशीद्रव्यात येते. तिथे काही प्रथिने टोपी ओळखून तिला धरतात आणि रायबोसोमला बोलावून आणतात. रायबोसोम ती वाचून प्रथिन बांधतो. हे भाषांतरण. या सगळ्या प्रवासाला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

यातील एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसली पाहिजे. ही नक्कल कोणाची, असे रायबोसोम कधीच विचारत नाही. खूण आहे की नाही, एवढेच त्या यंत्रणेला कळते. विषाणूंचा सारा खेळ या खुणांभोवती चालतो.

पोलिओ : दुवाच तोडला

पोलिओच्या विषाणूचे जनुकद्रव्य म्हणजे सुमारे ७,५०० न्यूक्लिओटाइडांचा एकच आरएनए. तो केंद्रकात जात नाही. पेशीद्रव्यात सरळ एम-आरएनए म्हणून वाचला जातो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना पोलिओचा संसर्ग केला, तर सुमारे तीन तासांत पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांची निर्मिती जवळजवळ थांबते. विषाणूची प्रथिने मात्र जोरात बनत राहतात. गंमत म्हणजे त्या वेळी पेशीचे एम-आरएनए नष्ट झालेले नसतात. नकला आहेत, रायबोसोम आहेत, पण काम बंद!

हे कोडे सुटायला बराच काळ लागला. १९७६ मध्ये लक्षात आले, की पोलिओच्या एम-आरएनएला टोपी नसते. नियमाप्रमाणे शिक्का नसलेली ही नक्कल वाचली जायला नको होती. १९८२ मध्ये आढळले, की संसर्ग झालेल्या पेशींत एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे झालेले असतात. आज त्याला इआयएफ-४जी म्हणतात. हे प्रथिन दुव्याचे काम करते. त्याच्या एका भागाला टोपी ओळखणारे प्रथिन चिकटते आणि दुसऱ्या भागामार्फत रायबोसोम जोडला जातो. पोलिओचे २ए नावाचे विकर या दोन भागांच्या मधोमध घाव घालते. टोपी ओळखणारा एका तुकड्यावर, रायबोसोमला आणणारा दुसऱ्या तुकड्यावर. शिक्का जागेवर आहे, पण त्याचा उपयोग संपला.

मग पोलिओचा आरएनए कसा वाचला जातो? १९८८ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेरी पेलेटिए आणि नाहूम सोनेनबर्ग यांनी याचे उत्तर देणारा प्रयोग केला. त्यांनी एकाच एम-आरएनएवर दोन प्रथिनांचे मजकूर एकापुढे एक ठेवले. अशा आरएनएवर टोपीजवळचा पहिला मजकूर वाचला जातो, दुसरा जवळजवळ वाचलाच जात नाही. पण दोन मजकुरांच्या मध्ये पोलिओच्या आरएनएचा सुरुवातीचा भाग घातला, तेव्हा दुसराही वाचला गेला. म्हणजे आरएनएच्या त्या तुकड्यात रायबोसोमला मधेच बोलावण्याची सोय होती. त्याच वर्षी एकार्ड विमर यांच्या गटाने अमेरिकेत दुसऱ्या एका विषाणूबाबत हेच दाखवले. पोलिओचा आरएनए पुढच्या दाराने येतच नाही; त्याची खिडकी बाजूला आहे. आणि ४जीचा जो तुकडा रायबोसोमला धरून असतो, तोच या खिडकीपाशी उपयोगी पडतो.

एक घाव, आणि त्याने दोन कामे साधली. 'ताबा घेतो' या शब्दांत यातले काहीच येत नाही.

फ्लू : शिक्का कापून घेणारा

फ्लूचा विषाणू वेगळ्या ठिकाणी काम करतो. आरएनएचा विषाणू असूनही तो केंद्रकात जातो. का जातो, हे टोपीकडे पाहिले की कळते. फ्लूच्या विकराला स्वतः टोपी बनवता येत नाही. म्हणून ते पेशीच्या नुकत्याच तयार होणाऱ्या नकलांना टोपीपाशी धरते, टोपीसकट सुमारे १० ते १३ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा कापून घेते आणि त्याला जोडून विषाणूचा एम-आरएनए लिहायला लागते. अशा नव्या नकला केंद्रकात मिळतात, म्हणून तिथे जाणे भाग पडते. फ्लूच्या प्रत्येक एम-आरएनएची पहिली काही अक्षरे आजारी माणसाच्याच जनुकांची असतात, हे मुलांना सांगून पाहावे. वर्ग नक्की जागा होतो.

रॉबर्ट क्रुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चोरी १९८१ च्या सुमारास उघडकीला आणली. कापणारे पाते विषाणूच्या कोणत्या प्रथिनात आहे, हे २००९ मध्ये त्या प्रथिनाची रचना सापडल्यावर निश्चित झाले. त्या पात्याला बोथट करणारे बॅलोक्सॅविर हे औषध २०१८ मध्ये जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत मंजूर झाले. 'ताबा घेतो' एवढेच म्हणून थांबलेल्याला हे औषध सुचले नसते. कुठे, कशाने, काय कापले जाते हे विचारल्यावर ते सुचले.

फ्लूचे एनएस-१ हे आणखी एक प्रथिन पेशीच्या नकलांना शेपटी लावणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाला धरून ठेवते. शेपटीवाचून नक्कल पुरी होत नाही. एकाच विषाणूने एकाच रस्त्यावर दोन अडथळे उभारले आहेत.

कोरोना : खाचेत बसवलेले बूच

२०२० मध्ये सार्स-कोव्ह-२ वर जे काम झाले, त्यात एनएसपी-१ या लहानशा प्रथिनाचा अभ्यास आम्हाला शिकवण्याच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. हे प्रथिन अवघ्या १८० अमिनो आम्लांचे आहे. जर्मनीतील आणि स्वित्झर्लंडमधील गटांनी गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेतली. त्यांत दिसले, की या प्रथिनाचे शेवटचे टोक रायबोसोमच्या लहान भागात, एम-आरएनए ज्या खाचेतून आत सरकतो त्याच खाचेत, बुचासारखे बसते. नक्कल आत जाऊच शकत नाही.

मग कोरोनाचे स्वतःचे एम-आरएनए? त्या सर्वांच्या सुरुवातीला एकसारखा छोटा मजकूर असतो आणि त्यात आरएनएची एक दुमड असते. ही दुमड असलेल्या नकला अडथळ्यातून सुटतात. ती काढून टाकली, तर विषाणूच्या नकलाही अडकतात. टी-४ची बदललेली अक्षरे, पोलिओची बाजूची खिडकी आणि कोरोनाची ही दुमड या तिन्ही वेगवेगळ्या खुणा आहेत, पण तिन्हींचे काम एकच आहे.

बंद कोणी केले?

'ताबा घेतो' या भाषेतला दुसरा दोष जास्त गंभीर आहे. पेशी निमूटपणे पडून आहे आणि विषाणू तिच्यावर हवे ते करतो आहे, असे चित्र तिच्यामुळे उभे राहते. प्रत्यक्षात संसर्ग झालेल्या पेशीत प्रथिननिर्मिती थांबलेली दिसली, तर ती विषाणूनेच थांबवली असे समजू नये. कित्येकदा पेशी स्वतःच ती थांबवते.

आपल्या पेशींत पीकेआर नावाचे विकर असते. दुहेरी धाग्याचा लांब आरएनए निरोगी पेशीत सहसा नसतो. विषाणूची वाढ होताना मात्र तयार होतो. तो आढळला, की पीकेआर जागे होते आणि भाषांतरण सुरू करण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनावर फॉस्फेट चिकटवते. त्याबरोबर रायबोसोमांचे नवे काम थांबते, विषाणूचेही आणि पेशीचेही. गावात साथ आली की बाजार बंद करावा, तसाच हा प्रकार. यावर ॲडिनोविषाणूचा उपाय उलटा आहे. तो सुमारे १६० न्यूक्लिओटाइडांचा एक छोटा आरएनए भरमसाट बनवतो. हा आरएनए पीकेआरला चिकटतो, पण त्याला जागे करत नाही. इथे विषाणू पेशीचे काम थांबवत नाही. उलट पेशीने ते थांबवू नये म्हणून खटपट करतो!

आणि विषाणू पेशीचे काम थांबवतो, तेव्हा तरी कशासाठी? पुस्तकी उत्तर असे, की सगळे रायबोसोम आपल्या कामाला लागावेत म्हणून. ते काही अंशी खरे आहे. पण १९५७ मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी शोधलेल्या इंटरफेरॉनकडे पाहिले, की दुसरे कारण समोर येते. इंटरफेरॉन म्हणजे संसर्ग झालेल्या पेशीने शेजारच्या पेशींना दिलेली धोक्याची सूचना. ही सूचना हेही एक प्रथिनच आहे. त्याचे जनुक संसर्गानंतर चालू होते, त्याची नक्कल निघते, तिला टोपी आणि शेपटी लागते, ती केंद्रकाबाहेर येते, वाचली जाते. म्हणजे तिलाही त्याच रस्त्याने यावे लागते. रस्ता अडला की सूचना अडली.

याला प्रयोगाचा पुरावा आहे. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील अडोल्फो गार्सिया-सास्त्रे आणि पीटर पालेसे यांच्या गटाने एनएस-१ नसलेला फ्लूचा विषाणू तयार केला. इंटरफेरॉनची यंत्रणा धड असलेल्या उंदरांत तो दुबळा ठरला. ती यंत्रणा बिघडवलेल्या उंदरांत आणि इंटरफेरॉन बनवू न शकणाऱ्या पेशींत मात्र तो चांगला वाढला. म्हणजे एनएस-१ची खरी गरज पेशी वापरून घेण्यापेक्षा तिचा आवाज दाबण्यासाठी होती.

एकाच पेशीत दोन विषाणू

सगळेच विषाणू पेशीचे काम थांबवतात असेही नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूचे उदाहरण घ्या. त्याचे ई-७ हे प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी या प्रथिनाला चिकटते. लगाम सुटतो आणि एरवी बंद असलेली विभाजनाची जनुके चालू होतात. त्याचे ई-६ हे प्रथिन पी-५३ या दुसऱ्या पहारेकऱ्याचा नाश घडवून आणते. इथे अभिव्यक्ती बिघडते, पण उलट दिशेने.

योगायोग असा, की हे दोन्ही प्रकार एकाच पेशीत पाहायला मिळतात. पोलिओ प्रथिननिर्मिती कशी थांबवतो, याचे कितीतरी प्रयोग हेला पेशींवर झाले. या पेशी १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतल्या गेल्या. तेही त्यांची संमती न विचारता. १९८० च्या दशकात हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला या पेशींत एचपीव्ही-१८ ची जनुके सापडली; पेशींचे अखंड विभाजन त्याच विषाणूच्या ई-६ आणि ई-७ मुळे चालू आहे. ज्या पेशीला एका विषाणूने सत्तर वर्षे धावते ठेवले, तिलाच दुसरा विषाणू तीन तासांत थांबवतो. या दोन्हींना 'ताबा घेतला' म्हणायचे असेल, तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

शब्दांचा हिशेब

आता नेहमीच्या उपमांचा हिशेब मांडू. 'पेशी म्हणजे कारखाना' ही उपमा आम्हाला टाकाऊ वाटत नाही. रायबोसोम हुकूम कोणाचा ते पाहत नाही, एवढे ती बरोबर सांगते. पण कारखान्याला एक मालक असतो, एक कचेरी असते. तिथे घुसले की सगळे हातात आले असे वाटते. पेशीत अशी एक कचेरी नाही. आम्ही वर वापरलेल्या तहसील कचेरीच्या उपमेलाही हीच मर्यादा आहे. शिक्का आणि नक्कल यांपुरतीच ती वापरावी.

'शत्रू' आणि 'हल्ला' हे शब्द साथीच्या काळात लोकांना सावध करायला उपयोगी पडतात, पण त्यांनी यंत्रणा समजत नाही. सर्वांत अवघड शब्द म्हणजे 'चलाख' किंवा 'हुशार'. पोलिओच्या विषाणूला ४जी ठाऊक नाही. विषाणूंच्या प्रती काढताना चुका होतात. आरएनए विषाणूंत तर फार. एखाद्या बदलाने पेशीचे एखादे प्रथिन तुटले आणि विषाणूच्या प्रती वाढल्या, तर तो बदल टिकला. हुशारीचे श्रेय विषाणूला दिले, की नैसर्गिक निवडीचा एक उत्तम धडा हातचा जातो.

एवढा खल कशासाठी?

शाळेत एवढे तपशील हवेत का, असा आक्षेप कोणी घेईल. ४जी आणि एनएसपी-१ ही नावे मुलांनी पाठ करावीत, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पण जनुक आणि जनुकाची अभिव्यक्ती यांतला फरक समजणे ही आता चैन राहिलेली नाही. २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले, तेव्हा 'ही लस आपली जनुके बदलते' अशी भीती शिकलेल्या घरांतही ऐकू येत होती. ज्यांच्या मनात 'विषाणू पेशीच्या जनुकांचा ताबा घेतो' एवढेच चित्र होते, त्यांना ही भीती खरी वाटली तर नवल नाही.

रस्ता ठाऊक असता, तर तीन लसी त्यावर तीन ठिकाणी ठेवता आल्या असत्या. पुण्यातील विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनवलेली कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला विषाणू. तो अभिव्यक्तीच्या रस्त्यावर येतच नाही. कोव्हिशील्डमध्ये, वाढू न शकणाऱ्या ॲडिनोविषाणूतून एका प्रथिनाचे जनुक केंद्रकात जाते आणि त्याची नक्कल पेशीच काढते. मूळ दप्तरात ते लिहिले जावे अशी त्यात योजना नाही. एम-आरएनए लस तर केवळ नक्कल आहे, टोपी लावून आणलेली. अशी लस पुण्यातही तयार झाली आणि २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली. ती पेशीद्रव्यात वाचली जाते आणि काही दिवसांत मोडते. केंद्रकातल्या दप्तरापर्यंत ती जात नाही. अशा परक्या आरएनएमुळे पेशीची धोक्याची घंटा वाजू नये, म्हणून त्यातले एक अक्षर किंचित बदलावे, हे काटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले. २०२३ चे नोबेल त्यासाठीच होते. ही घंटा म्हणजे वर पाहिलेल्या पीकेआरसारखे पेशीतले पहारेकरी. लसीचे हे तंत्र विषाणूंनी दाखवलेल्या वाटेनेच आले आहे.

वर्गात काय करता येईल

आपल्या दहावीच्या पुस्तकात प्रतिलेखन आणि भाषांतरण आले आहे. विषाणूंची ओळख आधीच्या इयत्तांतच होऊन गेलेली असते. हे दोन धडे एकमेकांना भेटत नाहीत. ती भेट शिक्षकाने घडवावी.

त्यासाठी कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात. काही मुले रायबोसोम व्हावीत. ज्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल ठिपका असेल तिच्यावरचाच शब्द त्यांनी मोठ्याने वाचायचा. एका मुलाने चिठ्ठ्या तपासून पुढे द्यायच्या. बाकीची मुले पेशीच्या चिठ्ठ्या लिहितील. दोन-तीन मुले विषाणू होतील. त्यांच्याकडे लाल शाई नाही. आता त्यांना विचारा : आपली चिठ्ठी वाचली जावी म्हणून काय कराल? कोणी दुसऱ्याच्या चिठ्ठीचा ठिपक्याचा कोपरा फाडून आपल्याला चिकटवील. कोणी तपासणाऱ्यालाच बाजूला ओढील. कोणी चिठ्ठी सरळ वाचणाऱ्याच्या हातात देईल. मुलांनी फ्लू आणि पोलिओच्या युक्त्या पुस्तक न उघडता शोधलेल्या असतील. शेवटी एवढेच सांगायचे, की मुलांनी हे विचार करून शोधले. विषाणूंच्या बाबतीत ते चुका आणि निवड यांतून घडले.

आकृती फळ्यावर काढायची तर जरूर काढावी. फक्त तिसऱ्या बाणाखाली 'ताबा घेतो' असे न लिहिता दोन प्रश्न लिहावेत : रस्ता कुठे अडवला? आणि स्वतःची नक्कल कशी सोडवली? कोणताही विषाणू समोर आला तरी हे प्रश्न विचारता येतात. परीक्षेतही 'विषाणू पेशीचा ताबा कसा घेतो ते लिहा' यापेक्षा 'एका विषाणूच्या एम-आरएनएला टोपी नाही, तरीही त्याची प्रथिने बनतात. तुमचा तर्क सांगा' हा प्रश्न अधिक चांगला. त्याचे उत्तर पाठ करून देता येत नाही, आणि चुकीच्या तर्कालाही काही गुण देता येतात.